बंदूक पोलिसांकडेच आहे

शैला,

शुक्रवारी तुझी शोकसभा झाली. आपल्या मराठी मंडळाने हॉल घेतला होता. समई होती, हार होता, आणि तुझा फोटो होता. तो पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला, त्यामुळे इमिग्रेशनच्या खिडकीपुढे उभी असावीस तशी तू आमच्याकडे बघत होतीस. अध्यक्षांनी तुला 'सेवेची मूर्ती' म्हटलं. मूर्ती वापरून झाली हे उपाध्यक्षांच्या लक्षात आलं, म्हणून त्यांनी 'तेवती ज्योत' म्हटलं. माजी अध्यक्षांनी आपल्या कारकिर्दीतल्या गणेशोत्सवाचं साग्रसंगीत वर्णन केलं आणि त्या उत्सवाला तूही हजर होतीस असं सांगून विषयाला न्याय दिला. बंदुकीचा उल्लेख कोणीही केला नाही.

मी मागच्या रांगेत वाट बघत होते. त्या हॉलमधल्या प्रत्येकाला तू कधी ना कधी बंदुकीबद्दल सांगितलेलं होतं. काहींना तर पहिल्या भेटीत, नाव सांगायच्या आधी. पण माणूस गेलं की लोकांना त्याच्याबद्दल फक्त प्रशस्तिपत्रकात शोभेल तेवढंच आठवतं. मलाही बोलायला बोलावलं. मी हातानेच नको म्हटलं आणि तोंडावर पदर धरला. बायका म्हणाल्या, फार जवळच्या होत्या, बोलवत नाही बिचारीला. खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं. तेव्हा जे तिथे बोलले नाही ते इथे लिहिते.

तुझी माझी ओळख अल बर्शातल्या आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमधली. लोक शारजात राहतात आणि नोकरीला दुबईत येतात, आणि मी दुबईत राहून शारजाच्या शाळेत इतिहास शिकवायला जायचे. सगळा ट्रॅफिक माझ्या विरुद्ध दिशेने यायचा आणि त्यातला प्रत्येक माणूस माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. तू एका क्लिनिकच्या लॅबमध्ये होतीस. नुकतीच सुट्टीवरून परतली होतीस आणि हातातल्या पिशवीतून फणसाचा वास येत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, गावाकडे काय काय आहे? तू म्हणालीस, "आंबा, काजू आणि बंदूक." लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली, तू उतरलीस. मी सातव्यावर जाऊन नवऱ्याला सांगितलं, की खाली एक बाई राहायला आली आहे, तिच्याशी जरा जपून.

पुढे कळलं ते असं. कणकवलीच्या पुढे तुमचं गाव, तुझे वडील दादा, त्यांची काजूची बाग आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. नळीत दारू ठासायची, वर चिंध्या, मग छर्रे. एवढं होईपर्यंत माकडं पोटभर खाऊन घरी जात. निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. दादा ती धुतलेल्या चादरीत गुंडाळून, एसटीत खिडकीची जागा देऊन घेऊन जात. त्याला तुमच्या घरात 'बंदूक माहेरी गेली' म्हणायचे. निकाल लागला की सासरी परत. दादा वारले तेव्हा परवाना त्यांच्याच नावावर होता, म्हणून बंदूक ठाण्यात जमा झाली, आणि या वेळी मात्र तिला न्यायला कोणी आलं नाही. वारसाने अर्ज करायचा तर वारसाने तिथे राहायला हवं, शेती करायला हवी. वारस अल बर्शात लोकांची रक्तं तपासत होता.

तू ती बंदूक आयुष्यात एकदाच झाडलीस. नववीत होतीस, दादा बाजाराला गेले होते, आणि आंब्यावर माकडांची टोळी होती. तू नियमाप्रमाणे आकाशाकडे नळी केलीस, पण दणका बसला, तू मागे पडलीस, आणि शेजाऱ्यांची नवीकोरी पाण्याची टाकी गेली. माकडांनी म्हणे खाणं थांबवून टाकीतून पाणी कसं उडतं ते पाहिलं. ही गोष्ट तू स्वतःच मला सांगितलीस ही तुझी चूक. त्यानंतर प्रत्येक वादात टाकी माझ्या बाजूने साक्षीला यायची.

वाद एकच होता आणि तो आपण बावीस वर्षं पुरवून खाल्ला. माझं म्हणणं, बंदूक ही वस्तूच खोटी. ती भिंतीवर असली की घरातल्या सगळ्यात लहान मनाच्या माणसाला आपण मोठे झालो असं वाटतं. मी इतिहास शिकवते, मला हे तोफांपासून माहीत आहे. तुझं म्हणणं, तुका काय कळता त्यातला, तू सोलापूरची, तुमच्याकडे माकडं नाहीत, नुसते पुढारी.

मी म्हणायचे, अगं ज्या शहरात तू दाराला कडी लावायला विसरतेस, मेट्रोत राहिलेली पर्स तुला संध्याकाळी परत मिळते, जिथे आपल्यासारख्या परक्या माणसाने बंदूक जवळ ठेवायचा विचारही करायचा नाही आणि त्याशिवाय आपलं काही अडत नाही, तिथे आयुष्य काढून तुला ती हवी कशाला? तू म्हणायचीस, "इथे कुठे हवी आहे? इथे मी काय पेरलंय?"

हा तुझा कायदा होता. जगातल्या कुठल्याही बंदुकीला तू दोनच प्रश्न विचारायचीस. खायला कोण येतं? आणि पेरलंय काय?

शारजातला तो वारशाचा मेळावा आठवतो? खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्या, उंट, पाकात घोळलेले गरम गरम लुगेमात, आणि मैदानात पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातली पोरं रांगेत उभी राहून रायफली हवेत फेकत होती. गरगर फिरत वर जायच्या आणि अलगद हातात यायच्या. भोवती फोन वर धरलेले सगळ्या देशांचे लोक. एक जर्मन बाई तर डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघत होती. मी म्हटलं, घ्या, मिरवणूक ती मिरवणूक. तू मात्र दादांच्या आवाजात म्हणालीस की बंदूक अशी उडवली असती तर आम्हाला जेवण मिळालं नसतं, आणि मग पुढच्याच फेकीला लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्यास. त्या रायफली मुळात पोकळ, नाचापुरत्या आहेत हे मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "तुला कोणी विचारलं?"

मग तू कडेला गालिच्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या अरबाकडे गेलीस. त्याच्या मागे, त्याच्याच घरची असावी, एक जुनी रायफल टांगली होती, दस्त्यावर चांदीच्या पट्ट्या असलेली. तू सरळ हिंदीत विचारलंस, बाबा, ये किसके लिए रखी है, खाने को कौन आता है? मी मेले. पण म्हातारा हसला. त्या पिढीला आपल्यापेक्षा बरं हिंदी येतं. म्हणाला, "पहले बकरी के लिए भेड़िया आता था। अब सिर्फ फोटोवाला आता है।"

तो तुझा मित्र झाला. तुम्ही दोघांनी बंदुकीच्या तेलावर इतकं बोलून घेतलं, की त्याने तुला कावा, म्हणजे त्यांची ती वेलचीची कॉफी, पाजला आणि मलाही, तुझी मदतनीस समजून. परतीच्या वाटेवर शारजाच्या त्या ट्रॅफिकमध्ये तू म्हणालीस, बघ, हा खरा बंदूकवाला. लांडगा येत नाही हे कबूल करतो.

आणि निखिलची गोष्ट. ती तर मी शोकसभेत सांगायला हवी होती. माझा मुलगा टेक्ससला गेला, नात झाली, आणि एके दिवशी फोनवर सहज म्हणाला की बंदूक घेतोय. शेजाऱ्याने कपाट उघडून दाखवलं, त्यात ओळीने होत्या, आपण क्रिकेटच्या बॅटी ठेवतो तशा. सगळ्यांकडे आहेत, आई. आपल्याकडेच नाही हे बरं दिसत नाही. तीन दिवस मी त्याला इतिहासातले दाखले दिले. तो 'हो आई' म्हणायचा. चौथ्या दिवशी तू माझ्या हातातून फोन घेतलास.

"निखिल, खायला कोण येतं रे तुमच्याकडे?"

"म्हणजे काय मावशी?"

"रानडुक्कर, माकड, काय येतं?"

तो जरा विचार करून म्हणाला की खारी येतात, पक्ष्यांचे दाणे खायला.

"आणि लावलंयस काय?"

"लॉन आहे."

"गवत," तू म्हणालीस. "गवत राखायला बंदूक घेणारा पहिलाच शेतकरी बघितला मी. बायको काय म्हणते?"

बंदूक आली नाही. तो सांगतो की बायकोने नको म्हटलं. म्हणो बापडा. त्या रात्री मला झोप लागली ती तुझ्यामुळे, आणि मी तुझे आभार मानायच्या ऐवजी म्हटलं, मग तुझीच कशाला हवी? तू म्हणालीस, "माझ्याकडे काजू आहेत." आणि मी म्हटलं, आणि शेजाऱ्यांकडे टाकी. आपण हसलो, विषय संपला, आभार राहून गेले.

आता दसरा. दर खंडेनवमीला दादा बंदुकीची पूजा करत. ती ठाण्यात गेल्यावर पूजा चुकणार म्हणून तू इथे कासावीस. शेवटी तू सरळ ठाण्यात फोन लावलास. हवालदार सावंत फोनवर. तू म्हणालीस, दादांची लेक बोलतेय दुबईहून, तुमच्याकडे आमची बंदूक आहे, तिला एक झेंडूचं फूल वाहाल का? मला वाटलं, फोन आपटणार. पण पोलीस ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजा असतेच. सावंत म्हणाले, ताई, सरकारच्या आहेत त्यांच्या रांगेत तुमची पण मांडतो, त्यात काय. आणि त्यांनी फोटो पाठवला. सरकारी रायफलींच्या शेजारी टेबलाच्या टोकाला तुमची ती म्हातारी, नळीवर झेंडूची माळ, कपाळाला म्हणावं अशा जागी कुंकू. तेव्हापासून दर वर्षी तुझा फोन आणि सावंतांचा फोटो.

त्यावरूनच तो प्रसंग घडला. तू घरी पूजा मांडायचीस. तुझ्या विळीपासून लॅबमधल्या रबरी पट्ट्यापर्यंत, रक्त काढताना दंडाला बांधतात तो, सगळ्याला हळदकुंकू. मंडळाच्या आठ-दहा घरांना बोलावणं. त्या वर्षी तू बोलावण्यासोबत हौसेने बंदुकीचा माळ घातलेला फोटो जोडलास, आणि मंडळाच्या ग्रुपऐवजी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलास. त्या ग्रुपवर इजिप्शियन, फिलिपिनो, ब्रिटिश, केरळी, पाकिस्तानी, सगळे. मराठी त्यांना येत नव्हतं, पण तुला आकडे इंग्रजीत टाइप करायची सवय. तेव्हा बिल्डिंगला वाचता आलं ते एवढंच: एक बंदूक, फ्लॅट 504, उद्या सकाळी 10.

आपल्याला पत्ता नाही. मी तुझ्या स्वयंपाकघरात बेसनाचे लाडू वळत होते. आधी नातूर आला, आपला नेपाळी वॉचमन, आणि दारात उभा राहून नुसता 'मॅडम, मॅडम' करत राहिला. मग तू फोन उघडलास आणि तुझा चेहरा पांढरा झाला. चौथ्या मजल्यावरचे इजिप्शियन डेंटिस्ट, डॉक्टर हानी, यांनी इंग्रजीत विचारलं होतं की हे काय आहे, आणि पोलिसांना कळवलं आहे. तू फोटो काढून टाकलास, पण तोपर्यंत सगळ्या मजल्यांनी तो मोठा करून पाहिला होता.

तुझ्या लेकीचं, केतकीचं, शाळेचं शेवटचं वर्ष होतं. तू म्हणालीस, माझी नोकरी गेली, व्हिसा गेला, पोरीची परीक्षा राहिली, आणि सगळं कशासाठी, तर झेंडूच्या एका माळेसाठी. मला तेव्हा वाद सहज जिंकता आला असता. मी लाडू वळत राहिले.

बेल वाजली. दोन पोलीस. माझे हात तुपाचे होते म्हणून मला दार उघडता येईना, इतकंच माझं शौर्य. त्यातला तरुण अधिकारी अदबीने बाहेर बूट काढून आत आला, पाटावर मांडलेली विळी, कात्री, लॅपटॉप आणि रबरी पट्टा बघून थांबला. तू सगळं एका दमात सांगितलंस, इंग्रजी, हिंदी आणि घाबरल्यावर थेट मालवणी. मग त्याने फोटो मागितला, मोठा केला, नळीपासून दस्त्यापर्यंत नीट पाहिला. म्हणाला, माझ्या आजोबांकडे जवळपास अशीच होती.

"ही आता कुठे आहे?" त्याने विचारलं.

"पोलीस ठाण्यात."

"कुठल्या?"

"गावच्या. इंडियात."

"म्हणजे बंदूक पोलिसांकडेच आहे?"

"हो."

"खलास," तो म्हणाला. म्हणजे झालं, विषय मिटला.

मग त्याने समजावून सांगितलं की असे फोटो ग्रुपवर टाकत जाऊ नका, लोक घाबरतात, त्यांचं बरोबर आहे. तू इतक्यांदा मान हलवलीस की त्यालाच तुला थांबवावं लागलं. जाताना मी लाडूची बशी पुढे केली. त्याने एक घेतला, सोबत्याने दोन. दारात वळून त्याने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी त्याला आयुष्यभर दुवा देईन. "माळ कोणी घातली, पोलिसांनी?" तू हो म्हटल्यावर तो जिन्यापर्यंत हसत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू डॉक्टर हानींच्या दारात लाडू घेऊन उभी. मला वाटलं, भांडायला चाललीस. तू म्हणालीस, तुम्ही बरोबर केलंत, मी असते तर मीही कळवलं असतं, आता वर चला. ते ओशाळून आले. हे काय चाललंय म्हणून विचारलं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला आज एक दिवस आराम आणि फूल, तू सांगितलंस. ते खाली गेले आणि दात तपासायचा आरसा घेऊन परत आले. नातूरने किल्ल्यांचा जुडगा आणला. फिलिपिनो शेजारणीने केस कापायची कात्री आणली, आणि खालच्या मजल्यावरचा पाकिस्तानी टॅक्सीवाला गाडीची चावी ठेवून म्हणाला, बाजी, इस पे ज़रा ज़्यादा डालना. तेव्हापासून दसऱ्याला मंडळापेक्षा बिल्डिंगच जास्त येते. मंडळाच्या अध्यक्षांना दोन वर्षं बसायला जागा मिळाली नाही, हे मी समाधानाने नोंदवते.

एवढं झाल्यावर तरी तू बंदुकीचा नाद सोडशील असं मला वाटलं होतं. तू उलट निवृत्तीचा बेत करायला लागलीस. गावी जायचं, काजूत राहायचं, अर्ज करायचा, बंदूक माहेराहून आणायची. मी म्हणायचे, सरकारला देऊन टाक आणि मोकळी हो. शेवटचं भांडण तुझ्या हॉस्पिटलच्या खोलीत. तिथे बाजूच्या बाईने आपल्याला हळू बोलायला सांगितलं. तू तेव्हा जे म्हणालीस ते मी नीट ऐकलं नाही असं दाखवलं, पण ऐकलं होतं. म्हणालीस, या देशात माझा व्हिसाचा शिक्का दर दोन वर्षांनी संपतो. शिक्का मारणारे चांगले आहेत, मारतात, माझी तक्रार नाही. पण तो परवाना म्हणजे त्या जमिनीत काहीतरी उगवतंय आणि ते राखणारं कोणीतरी घरात आहे, असं सरकारने लिहून दिलेलं. मग थकून डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "मास्तरीण, एकदा माझ्या बाजूने भांडून दाखव. तुला जमायचं नाही."

तू गेलीस त्यानंतरच्या आठवड्यात केतकी अबुधाबीहून माझ्याकडे आली. अस्थी घेऊन गावी जायचं होतं. सावंतांचा फोन येऊन गेला होता. त्यांनी आधी बराच वेळ तुझ्याबद्दल विचारलं आणि मग अवघडत सांगितलं, की ताई होत्या तोवर आम्ही थांबलो, आता वारसाने काय ते ठरवावं, अर्ज करा नाहीतर सरकारजमा. केतकी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, व्हॉट डिड आई वॉन्ट? यू वुड नो."

बघ काय वेळ आणलीस. बावीस वर्षांचा वाद, समोरची बाजू गैरहजर, आणि निकाल देणारी पोर माझ्या एका वाक्याची वाट बघतेय. 'देऊन टाक' एवढं म्हटलं की मी जिंकले. मी तोंड उघडलं आणि तुझ्या बाजूने भांडायला लागले. शिक्क्याचं सांगितलं, परवान्याचं सांगितलं. दादा बंदुकीला खिडकीशी बसवत ते सांगितलं. शारजाचा म्हातारा सांगितला. निखिलचं गवत सांगितलं, आणि म्हटलं, तुझी आई बंदुकीची भक्त नव्हती, ती राखणीची भक्त होती. टाकी मी गाळली. शैला, मी टाकी गाळली. केतकी म्हणाली, "मावशी, यू आर आर्ग्युइंग अगेन्स्ट युवरसेल्फ."

मी म्हटलं, हो, आणि चांगलं करते आहे, मध्ये बोलू नकोस.

मग आम्ही दोघी गावी गेलो. बागेत तुझा चुलतभाऊ बापू, जो इतकी वर्षं काजू बघतोय. केतकीने त्याला आधी विचारलं, बापूमामा, बंदूक तुमच्या नावावर करू का, शेती तुम्हीच करता. बापू म्हणाला, "माका नको गो. माकडां आता बंदुकेक भियत नाय. मोबाईल धरलो तर पोज देतत." त्याने दोन कुत्रे पाळले आहेत आणि कुंपणाला जुन्या सीडींच्या चकत्या टांगल्या आहेत, त्या उन्हात चमकतात. जेवढं वाचतं तेवढं आपलं, उरलेलं त्यांचं, असा त्याचा हिशेब. शेजाऱ्यांची टाकीही मी बघून आले. नवी आहे, पण नाव अजून तुझंच घेतात.

केतकीने पडवीसमोरच्या मोकळ्या जागेत खड्डा काढायला सांगितला. थोड्या अस्थी तिने नदीसाठी ठेवल्या आणि उरलेल्या त्या खड्ड्यात, वर काजूचं कलम. हात मातीचे, नखं रंगवलेली, आणि त्या पोरीला कलमाची गाठ मातीच्या वर ठेवायची असते हे बापूने सांगायच्या आधी ठाऊक होतं. कधी शिकवलंस? मला कधी बोलली नाहीस.

उठून हात झटकत ती मराठीत म्हणाली, "आईचं काय होतं मावशी, पेरलंय काय, ना? पेरलंय. राखायला बापूमामा आहे, मी येत राहीन. आता बंदूक कशाला?"

माझं म्हणणं ती तुझ्या प्रश्नाने सिद्ध करत होती. यात नक्की कोण हरलं ते मी अजून ठरवलेलं नाही, आणि ठरवायला तू नाहीस, तेव्हा बरोबरी म्हणू.

ठाण्यात सावंतांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. डोक्याला टक्कल आहे त्यांच्या, तू कधी सांगितलं नाहीस. बंदूक आणली. इतकी वर्षं मी जिच्याशी भांडले ती मी पहिल्यांदा पाहिली. केतकी सरकारजमाच्या कागदांवर सह्या करत होती, सावंतांना टेबल मोकळं हवं होतं, तेव्हा त्यांनी ती सरळ माझ्या हातात दिली. जड आहे गं. आणि दस्त्याला, जिथे गाल टेकतो तिथे, लाकूड झिजून गुळगुळीत झालं आहे. दादांचा गाल, त्यांच्या वडिलांचा, आणि एकदाच तुझा. मी ती बाळ धरावं तशी आडवी धरून उभी राहिले. सावंत म्हणाले, तुम्ही ताईंच्या कोण?

मी म्हटलं, विरुद्ध बाजू.

सावंतांनी दसऱ्याची वाट न बघता खिडकीतल्या गणपतीपुढचा झेंडू उचलला आणि नळीवर ठेवला. मग ती आत गेली. माहेरी म्हण.

परवा खंडेनवमी आहे. फ्लॅट महिनाअखेरपर्यंत केतकीच्या ताब्यात आहे. विळी घासून ठेवली आहे, तुझा रबरी पट्टा केतकीने आणून दिला आहे. माझी आयुधं काय, तर लाल शाईचं पेन, ते ठेवते. बेसन भाजायला घ्यायच्या आधी मी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला. चुकून नाही. बंदुकीचा नाही, त्या तरुण अधिकाऱ्याला शब्द दिला होतास. ठाण्यातून निघताना सावंतांनी आणखी एक झेंडू माझ्या हातात दिला होता, तो आता वाळला आहे. त्याचाच फोटो, खाली मराठीत बोलावणं, आणि आकडे इंग्रजीत: 504, 10.

नातूरचे जोडलेले हात लगेच आले. टॅक्सीवाल्याने गाडी बदलली आहे, त्याने नव्या चावीचा फोटो टाकला. डॉक्टर हानींचं नाव वर 'टाइप करत आहे' असं कितीतरी वेळ दिसत राहिलं. इतकं टाइप करण्याजोगं काय असेल असं मला वाटलं. शेवटी त्यांचा मेसेज आला. त्यांनी फक्त विचारलं होतं, या वेळी बंदूक नाही का?

मी लिहिलं, बंदूक पोलिसांकडेच आहे.

त्यांनी लिहिलं, खलास, मी आरसा घेऊन येतो.